बर्ट बेल

डी बेनेव्हिल तथा बर्ट बेल (२५ फेब्रुवारी, १८९५:फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका - ११ ऑक्टोबर, १९५९:फिलाडेल्फिया) हे अमेरिकन फुटबॉलमधील संघमालक, प्रशिक्षक आणि नॅशनल फुटबॉल लीगचे (एनएफएल) आयुक्त होते. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे ते सहसंस्थापक होत.

बेल यांचा जन्म सधन घराण्यात झाला. वडील पेनसिल्व्हेनियाचे महाधिवक्ता होते, तर भाऊ १९४७मध्ये अवघे १९ दिवस त्या राज्याचे गव्हर्नर होते. बर्ट यांनी मात्र पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संघात क्वार्टरबॅक म्हणून नाव मिळवले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधील फिरत्या रुग्णालयात होते.

संघमालक

१९३३मध्ये बेल यांनी लड रे व अन्य भागीदारांसह दिवाळखोर फ्रँकफर्ड यलो जॅकेट्सच्या जागी नवा संघ उभारण्याचे हक्क २,५०० डॉलरना घेतले. रूझवेल्ट सरकारच्या औद्योगिक पुनरुत्थान योजनेचे चिन्ह निळा गरुड होते. त्यावरून संघाला ईगल्स हे नाव पडले. पहिलाच सामना ०-५६ असा गमवावा लागला. तोटा वाढत गेल्यावर १९३६मध्ये संघ लिलावात निघाला आणि बेल यांनी तो ४,५०० डॉलरना एकट्याने घेतला. प्रशिक्षकपदही स्वतःकडेच ठेवले. पाच हंगामांत १० विजय, ४४ पराभव व २ बरोबरी असा त्यांचा हिशेब आहे. प्रशिक्षक म्हणून ते अपयशीच ठरले.

याच पराभवांतून त्यांची सर्वांत मोठी सूचना पुढे आली. गुणी विद्यार्थी-खेळाडू श्रीमंत व जिंकणाऱ्या संघांकडेच जात, त्यामुळे दुबळे संघ दुबळेच राहत. म्हणून शेवटच्या क्रमांकाच्या संघाने खेळाडू सर्वांत आधी निवडावा, असा प्रस्ताव बेल यांनी १९३५मध्ये मांडला. बलाढ्य संघांच्या मालकांनीही तो मान्य केला. १९३६च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये अर्थातच पहिली निवड ईगल्सची होती, पण त्यांनी निवडलेला जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

पुढे बेल पिट्सबर्ग स्टीलर्सचे आर्ट रूनी यांच्यासह सहमालक झाले.

आयुक्त

जानेवारी १९४६मध्ये ते आयुक्त झाले. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्याआधी न्यू यॉर्क जायंट्सच्या दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचे उघडकीस आले. खेळाडूंनी ती घेतली नव्हती, परंतु त्यांनी ही गोष्ट कळवली नाही म्हणून बेल यांनी दोघांना अनिश्चित काळासाठी निलंबित केले. ही शिक्षा कठोर होती. १९५०च्या हंगामापासून प्रतिस्पर्धी लीगमधील क्लीव्हलंड ब्राउन्ससह तीन संघ एनएफएलमध्ये आले. यजमान शहरात सामन्याचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण रोखण्याचे त्यांचे धोरण १९५३मध्ये न्यायालयात टिकले. १९५७मध्ये त्यांनी खेळाडूंच्या संघटनेला मान्यता दिली.

निधन

११ ऑक्टोबर, १९५९ रोजी फ्रँकलिन फील्डवर ईगल्स आणि स्टीलर्स यांचा सामना पाहत असताना बेल यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. विद्यार्थिदशेत ते याच मैदानावर खेळले होते, आणि त्या दिवशी खेळणारे दोन्ही संघ कधीकाळी त्यांच्या मालकीचे होते. १९६३मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला.