हॅरी एस. ट्रुमन यांची लष्करी कारकीर्द

हॅरी एस. ट्रुमन (८ मे, इ.स. १८८४ – २६ डिसेंबर, इ.स. १९७२) हे अमेरिकेचे ३३ वे राष्ट्राध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धात रणभूमीवर प्रत्यक्ष लढलेले ते एकमेव अमेरिकन राष्ट्राध्यक्ष होत. ३५ व्या डिव्हिजनच्या १२९ व्या फील्ड आर्टिलरी रेजिमेंटमध्ये, म्हणजे मैदानी तोफखान्यात, ते कॅप्टन होते. या रेजिमेंटमध्ये जोडलेली माणसे पुढे त्यांच्या राजकीय जीवनाचा मोठा आधार ठरली.

सुरुवातीचे जीवन

ट्रुमन यांचा जन्म मिसूरी राज्यातील लमार येथे शेतकरी कुटुंबात झाला. दृष्टी लहानपणापासून अधू असल्यामुळे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जाण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. इ.स. १९०५ मध्ये ते कॅन्सस सिटी येथे नॅशनल गार्डच्या बॅटरी बी या तोफखाना तुकडीत दाखल झाले. दृष्टितपासणीचा तक्ता पाठ करून त्यांनी ही अडचण ओलांडली, असे सांगितले जाते. ग्रँडव्ह्यू येथील शेतीचा भार वाढल्याने इ.स. १९११ मध्ये त्यांनी ही सेवा सोडली.

रेजिमेंटची उभारणी

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली. मिसूरीतील जुन्या बॅटऱ्यांचा विस्तार करून सहा बॅटऱ्यांची एक रेजिमेंट उभारण्यात आली. संघराज्याच्या सैन्यात तिला १२९ वी फील्ड आर्टिलरी हे नाव मिळाले आणि मिसूरी व कॅन्सस या राज्यांच्या ३५ व्या डिव्हिजनमध्ये तिचा समावेश झाला. ३३ वर्षांचे ट्रुमन सैन्यात परतले, तेव्हा जवानांनी त्यांना मतदानाने लेफ्टनंट म्हणून निवडले. ओक्लाहोमातील कॅम्प डॉनिफन येथे प्रशिक्षण घेत असताना त्यांनी एडी जेकबसन यांच्या साहाय्याने रेजिमेंटचे कँटीन नफ्यात चालवून दाखवले.

बॅटरी डी

फ्रान्समध्ये जुलै १९१८ मध्ये बॅटरी डीची सूत्रे ट्रुमन यांच्याकडे आली. फ्रेंच बनावटीच्या ७५ मिलिमीटरच्या चार तोफा आणि सुमारे दोनशे जवान असलेली ही बॅटरी बेशिस्तीसाठी कुप्रसिद्ध होती. जवानांत कॅन्सस सिटीतील आयरिश कॅथलिक तरुणांचा मोठा भरणा होता, तर ट्रुमन हे बॅप्टिस्ट पंथाचे शेतकरी होते. शिस्तीची जबाबदारी त्यांनी सार्जंट व कॉर्पोरल यांच्यावर टाकली आणि ती न पेलणाऱ्यांना पदावरून दूर केले.

ऑगस्टच्या अखेरीस व्होज पर्वतात बॅटरीने प्रथमच शत्रूवर विषारी वायूचे गोळे डागले. तोफा हलवण्यासाठी लागणारे घोडे वेळेवर आले नाहीत. जर्मन तोफांचा प्रतिमारा सुरू होताच अनेक जवान पळाले. ट्रुमन घोड्यासह खड्ड्यात कोसळले होते. बाहेर येताच त्यांनी शिव्यांचा भडिमार करून जवानांना माघारी आणले. या चकमकीत एकही जवान मारला गेला नाही.

म्यूझ-आर्गोनची लढाई

२६ सप्टेंबर, इ.स. १९१८ रोजी ही मोहीम सुरू झाली. चढाई करणाऱ्या पायदळाला आणि जॉर्ज पॅटन यांच्या रणगाड्यांना ३५ व्या डिव्हिजनच्या तोफखान्याने साहाय्य दिले. दुसऱ्या दिवशी ट्रुमन यांना एक जर्मन बॅटरी मोर्चा बांधताना दिसली. ती शेजारच्या २८ व्या डिव्हिजनच्या हद्दीत होती आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर मारा न करण्याचा आदेश होता. शेजारच्या सैनिकांचा धोका ओळखून ट्रुमन यांनी आदेश मोडला व मारा केला. रेजिमेंटच्या कर्नलने त्यांना कोर्टमार्शलची धमकी दिली. प्रत्यक्षात कारवाई झाली नाही. अवघ्या काही दिवसांत डिव्हिजनचे सुमारे सात हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्या मानाने बॅटरी डीची हानी अत्यल्प होती. ११ नोव्हेंबर रोजी युद्धविरामाला पंधरा मिनिटे उरेपर्यंत तिच्या तोफा चालू होत्या.

उत्तरायुष्य

मे १९१९ मध्ये सेवामुक्त झाल्यावर जून महिन्यात त्यांनी बेस वॉलेस यांच्याशी विवाह केला. जेकबसन यांच्या भागीदारीत काढलेले कापडाचे दुकान इ.स. १९२२ मध्ये बुडाले. त्याचे कर्ज ट्रुमन पुढे अनेक वर्षे फेडत होते. रेजिमेंटमधील सहकारी जिम पेंडरगास्ट यांच्या काकांचे स्थानिक राजकारणावर वर्चस्व होते. त्यांच्या पाठिंब्याने आणि जुन्या सैनिकांच्या मतांवर ट्रुमन त्याच वर्षी जॅक्सन काउंटीच्या प्रशासकीय न्यायाधीशपदी निवडून आले. इ.स. १९३४ मध्ये ते सिनेटवर निवडून आले.

१२ एप्रिल, इ.स. १९४५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या निधनानंतर ते राष्ट्राध्यक्ष झाले. चार महिन्यांच्या आत हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब टाकण्यात आले. त्यात लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि या निर्णयाचा वाद आजही शमलेला नाही. इ.स. १९४८ मध्ये त्यांनी सैन्यातील वंशभेद संपवण्याचा आदेश काढला.

२० जानेवारी, इ.स. १९४९ रोजी पदग्रहणाच्या मिरवणुकीत त्यांच्या मोटारीच्या दोन्ही बाजूंनी बॅटरी डीचे वयस्क जवान चालत होते. ट्रुमन यांचे निधन कॅन्सस सिटी येथे झाले. इंडिपेंडन्स येथील त्यांच्या नावाच्या ग्रंथालयाच्या प्रांगणात त्यांचे दफन करण्यात आले.