समुद्रावर वायरलेस आणणारा मार्कोनी आणि त्याच्या मनाविरुद्ध झालेला एक नियम

ससून डॉक असो नाहीतर हर्णै, खोल समुद्रात जाणाऱ्या बोटीवर तांडेलाच्या हाताशी एक वायरलेस सेट असतो. त्याला मरीन व्हीएचएफ म्हणतात. हल्ली तो वॉकीटॉकीसारखा हातात मावणाराही मिळतो. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एका वेळी एकानेच बोलायचं. चॅनेल १६ कायम चालू ठेवायचं, कारण जगभरातली जहाजं पहिली हाक आणि मदतीची हाक याच चॅनेलवर मारतात. पुढच्या गप्पा दुसऱ्या चॅनेलवर.

काही हँडसेटमध्ये आणखी दोन सोयी असतात. एक म्हणजे झाकणाखालचं लाल बटण. संकटात ते दाबून धरलं की बोटीचा नऊ आकडी नंबर आणि जीपीएसवरची जागा चॅनेल ७० वरून आसपासच्या सेटवर जाऊन अलार्म वाजतो. भारतीय बोटींचा हा नंबर ४१९ ने सुरू होतो. दुसरी सोय म्हणजे एआयएस. जवळच्या जहाजांची नावं, वेग आणि दिशा थेट स्क्रीनवर दिसतात.

या सगळ्यात एक गोष्ट इतकी सरळ आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. सेट कुठल्याही कंपनीचा असू द्या, तो बाकी सगळ्यांशी बोलतो. सव्वाशे वर्षांपूर्वी असं नव्हतं. तसं होऊ नये म्हणून सगळ्यात जास्त जोर लावणारा माणूसही तोच होता, ज्याने समुद्रावर वायरलेस आणला. गुलिएल्मो मार्कोनी.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. वडील जमीनदार. आई अ‍ॅनी आयरिश, जेमसन व्हिस्कीवाल्या घराण्यातली. पोराचं शिक्षण धड शाळेत झालं नाही आणि विद्यापीठातही झालं नाही. शेजारी राहणारे प्राध्यापक ऑगुस्तो रिगी यांच्याकडून त्याला हर्ट्झच्या विद्युतचुंबकीय लहरींची माहिती मिळाली आणि गड्याने पोंतेक्कियोच्या वाड्याचा माळा ताब्यात घेतला.

या लहरी तेव्हा प्रयोगशाळेतल्या कुतूहलाचा विषय होत्या. अनेक शास्त्रज्ञ त्यांच्यावर काम करत होते. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात अगदी छोट्या लहरींचे प्रयोग करून दाखवले होते. मार्कोनीला लहरींच्या स्वभावात फारसा रस नव्हता. त्यांच्यावरून निरोप किती लांब जातो, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याने यंत्राचं एक टोक उंच तारेला आणि दुसरं जमिनीला जोडलं आणि अंतर वाढत गेलं. १८९५ मध्ये निरोप टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटरवर पोचला. तो मिळाल्याची खूण म्हणून भाऊ अल्फोन्सोने बंदुकीचा बार काढला.

१८९६ मध्ये आई त्याला घेऊन लंडनला गेली. तिथे आईचे नातेवाईक होते, पैसा होता आणि जगातलं सगळ्यात मोठं व्यापारी आरमार होतं. जूनमध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा तो २२ वर्षांचा होता. पुढच्या मे महिन्यात ब्रिस्टल खाडीवरून निरोप गेला आणि जुलै १८९७ मध्ये कंपनी निघाली.

मार्कोनीची खरी हुशारी गिऱ्हाईक ओळखण्यात होती. जमिनीवर तारा होत्या, समुद्राच्या तळाशी केबल होत्या. तिथे वायरलेसची कुणाला घाई नव्हती. पण जहाज क्षितिजाआड गेलं की पुढच्या बंदरापर्यंत त्याचा कुणाशी संबंध उरत नसे. ते बुडालं तर महिनोनमहिने पत्ता लागत नसे. वायरलेस हवा होता तो तिथे.

१८९८ च्या जुलैत त्याने डब्लिनजवळच्या होड्यांच्या शर्यतीची बातमी एका टगबोटीवरून वर्तमानपत्राला पाठवली. त्याच वर्षाच्या शेवटी इंग्लंडच्या गुडविन सँड्स या बदनाम वाळूच्या पट्ट्याजवळ नांगरलेल्या दीपनौकेवर सेट बसला. एप्रिल १८९९ मध्ये आर. एफ. मॅथ्यूज नावाचं जहाज दाट धुक्यात या दीपनौकेवरच आदळलं. दीपनौकेने वायरलेसवरून मदत मागितली. समुद्रावरून गेलेल्या सगळ्यात पहिल्या संकटाच्या हाकांमध्ये ती गणली जाते.

१२ डिसेंबर १९०१ ची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर, पतंगाला बांधलेल्या तारेवर, अटलांटिकपलीकडून आलेले तीन टिंब त्याने ऐकले. मोर्समधलं ते एस अक्षर. ते त्याने खरंच ऐकलं का, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्या दिवशी वापरलेला पाऱ्याचा डिटेक्टर त्याला इटालियन नौदलातल्या मित्राने दिला होता. तशाच रचनेचं वर्णन बोसांनी १८९९ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. श्रेय मार्कोनीकडे गेलं. १९०९ चं नोबेल त्याला कार्ल ब्राऊनसोबत मिळालं.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन तार पाठवण्याचा हक्क पोस्ट खात्याकडे होता. मार्कोनी कंपनीने त्यातून वाट काढली. निरोप विकायचा नाही, सेटच भाड्याने द्यायचा, सोबत ऑपरेटरही आपलाच. जहाज कुणाचंही असो, वायरलेस खोलीतला पोरगा कंपनीचा नोकर असे. त्याला कंपनीचा हुकूम होता की दुसऱ्या बनावटीच्या सेटशी बोलायचं नाही. संकटाची हाक तेवढी अपवाद.

धंद्याच्या हिशोबाने डोकं मोठं होतं. किनाऱ्यावरची बहुतेक केंद्रं मार्कोनीची, त्यामुळे जहाजमालकाला सेटही मार्कोनीचाच घ्यावा लागे. पण १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हाइनरिश अमेरिकेहून डॉइचलँड जहाजाने परत निघाला. जहाजावर जर्मन बनावटीचा सेट होता. मार्कोनीची केंद्रं गप्प राहिली. जर्मनी भडकली. १९०३ मध्ये बर्लिनला परिषद बसली आणि १९०६ मध्ये करार झाला. किनाऱ्यावरच्या केंद्राने समोरचा सेट कुठल्याही बनावटीचा असला तरी निरोप घ्यायचा, असा नियम त्यात आला. एसओएस ही खूणही त्याच करारातली. कंपनीने आपल्या ऑपरेटरांसाठी आधीच सीक्यूडी ठरवली होती, तीही पुढे काही वर्षं चालू राहिली.

मार्कोनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. केंद्रं त्याने स्वतःच्या पैशाने उभारली होती आणि दोन वेगळ्या यंत्रांचे सिग्नल एकमेकांत घुसून गोंधळ होतो हा त्याचा दावाही खरा होता. पण त्यावरचा त्याचा उपाय म्हणजे समुद्र एकाच कंपनीच्या हवाली करणं.

जानेवारी १९०९ मध्ये रिपब्लिक जहाजाची टक्कर झाली तेव्हा ऑपरेटर जॅक बिन्सच्या हाकेमुळे सुमारे दीड हजार लोक वाचले. वायरलेसचा उदोउदो झाला. तीन वर्षांनी टायटॅनिक बुडालं आणि त्याच वायरलेसच्या त्रुटी उघड्या पडल्या.

टायटॅनिकवरचे जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड हे दोघे मार्कोनीचे नोकर. त्यांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे श्रीमंत प्रवाशांच्या खासगी तारा पाठवणं, कारण कमाई त्यातच होती. त्या रात्री जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाने बर्फाची सूचना द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा कामात बुडालेल्या फिलिप्सने त्याला गप्प बसायला सांगितलं. कॅलिफोर्नियनवर एकच ऑपरेटर. दिवसभराचं काम संपवून तो सेट बंद करून झोपला आणि काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळलं. कार्पेथियाचा ऑपरेटरही झोपायच्याच तयारीत होता. फरक इतकाच की त्याच्या कानावर हेडफोन अजून होते.

आजचा सेट हाती घेतला की लक्षात येईल असा आणखी एक तपशील आहे. टायटॅनिकने पाठवलेली स्वतःची जागाच चुकीची होती. अधिकाऱ्यांनी हिशोब करून काढलेली ती जागा आणि १९८५ मध्ये अवशेष सापडले ती जागा यांत सुमारे २४ किलोमीटरचा फरक निघाला. कार्पेथिया वाटेतच होड्यांना गाठू शकलं हे नशीब. सातशेहून जास्त लोक वाचले, दीड हजारांच्या आसपास गेले. लाल बटण आज जागा स्वतःहून पाठवतं. घाबरलेल्या माणसाला अक्षांश-रेखांश वाचून दाखवावे लागत नाहीत.

मार्कोनीलाही त्या सफरीचं आमंत्रण होतं, असं त्याच्या मुलीने लिहिलेल्या चरित्रात येतं. तो काही दिवस आधीच लुसिटानियाने न्यूयॉर्कला पोचला होता. वाचलेले प्रवासी त्याचे आभार मानत होते आणि त्याच दिवसांत अमेरिकी सिनेटची समिती त्याला प्रश्न विचारत होती. कंपनीच्या ऑपरेटरांनी आपली कहाणी वर्तमानपत्राला विकायची म्हणून बाहेरच्यांना माहिती द्यायचं टाळलं का, हा त्यातला सगळ्यात बोचरा प्रश्न. अमेरिकेने त्याच वर्षी मोठ्या प्रवासी जहाजांवर चोवीस तास ऐकणं सक्तीचं केलं. ऑपरेटर कंपनीच्या आधी कॅप्टनचा हुकूम मानेल, हेही ठरलं. मार्कोनीची जुनी व्यवस्था तिथे संपली. सप्टेंबरमध्ये मोटार अपघातात त्याचा उजवा डोळाही गेला.

पहिल्या महायुद्धात तो इटलीच्या सैन्यात आणि मग नौदलात होता. नौदलाला असा वायरलेस हवा होता, जो लांबच्या शत्रूला ऐकू जाणार नाही. १९१६ मध्ये जेनोआत मार्कोनीने सहकारी फ्रँकलिनसोबत दोन-तीन मीटरच्या लहरींवर काम सुरू केलं. आयुष्यभर अंतर वाढवण्यासाठी तो लांब लहरींच्या मागे धावला होता, आता उलटं. व्हीएचएफच्या चॅनेल १६ ची लहर १.९ मीटरची आहे, म्हणजे बरोबर याच पट्ट्यातली. ती साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच जाते. म्हणून हातातल्या सेटवरून लहान बोटीला आठ-दहा किलोमीटरपलीकडे बोलणं कठीण, आणि म्हणूनच बोटीवरच्या सेटची अँटेना जितकी उंच तितकी बरी. या मर्यादेचा फायदाही आहे. रत्नागिरीजवळच्या बोटीने हाक मारली तर ती मदतीला येऊ शकणाऱ्यांनाच ऐकू येते, कोची बंदरात गोंगाट होत नाही.

छोट्या लहरींच्या या नादातून दुसरी एक गोष्ट निघाली, जी थेट पुण्यापर्यंत आली. व्हीएचएफपेक्षा बऱ्याच लांब पण जुन्यांपेक्षा छोट्या लहरी एका दिशेने झोतासारख्या सोडायच्या, ही त्याच्या कंपनीची बीम पद्धत. १९२७ मध्ये इंग्लंड आणि भारत यांच्यात ती सुरू झाली. भारताकडून निरोप सोडणारं केंद्र होतं खडकीला आणि झेलणारं दौंडला.

१९१९ मध्ये मार्कोनीने एक वाफेवरची यॉट घेतली, नाव ठेवलं एलेत्रा. पुढची वर्षं तेच त्याचं घर आणि तीच प्रयोगशाळा. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला. १९२७ मध्ये दुसरं लग्न केलं तेव्हा साक्षीला मुसोलिनी होता. मुसोलिनीनेच पुढे त्याला इटलीच्या अकादमीचं अध्यक्ष केलं. शेवटपर्यंत मार्कोनीने त्याची साथ सोडली नाही. हा डाग पुसण्यासारखा नाही.

१९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात त्याने एक कल्पना मांडली. जहाजावरून लहरींचा झोत सोडायचा, दुसऱ्या जहाजावर आपटून तो परत आला की धुक्यातही ते जहाज कळेल. कल्पना पूर्ण नवी नव्हती, ह्यूल्समायर नावाच्या जर्मनाने १९०४ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. पण मार्कोनीने धुक्यातल्या जहाजांचा प्रश्न सोडला नाही. १९३४ च्या जुलैत सेस्त्री लेवांतेच्या किनाऱ्यावर त्याने साधारण ६० सेंटिमीटर लहरींचं बीकन उभारलं, एलेत्राच्या सुकाणूघराच्या खिडक्यांना पडदे लावले आणि बाहेर न बघता, फक्त रेडिओच्या खुणेवर यॉट दोन बोयांच्या मधून नेऊन दाखवली.

एआयएस याहून वेगळ्या वाटेने जातं. त्यात लहर आपटून परत येत नाही, प्रत्येक जहाज स्वतःची जागा स्वतः सांगतं. त्यासाठी १६२ मेगाहर्ट्झजवळची दोन व्हीएचएफ चॅनेल आहेत. प्रत्येक चॅनेलवर एका मिनिटाचे २२५० तुकडे पाडलेले असतात आणि सेट आपसांत तुकडे वाटून घेतात, म्हणून शेकडो जहाजं एकाच चॅनेलवर असूनही एकमेकांवर ओरडत नाहीत. सिग्नल सिग्नलमध्ये घुसतो या मार्कोनीच्या जुन्या तक्रारीला मिळालेलं हे उत्तर. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना २००४ अखेरपासून ते सक्तीचं आहे. हँडसेट घेताना मात्र एक गोष्ट तपासावी. हातातल्या बहुतेक सेटमध्ये एआयएसचा फक्त रिसिव्हर असतो. त्यावर मोठी जहाजं तुम्हाला दिसतात, तुमची बोट त्यांना दिसत नाही. दिसायची असेल तर ट्रान्सपाँडर वेगळा लागतो. हा फरक न कळल्याने नवशिका निर्धास्त होतो आणि तो निर्धास्तपणा रात्री महागात पडू शकतो.

२० जुलै १९३७ ला रोममध्ये हृदयविकाराने मार्कोनी गेला, वय ६३. त्याच्यासाठी जगभरातली रेडिओ केंद्रं दोन मिनिटं बंद ठेवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी एलेत्रा ताब्यात घेऊन युद्धाला जुंपली आणि १९४४ च्या जानेवारीत दाल्मेशियाच्या किनाऱ्याजवळ तिच्यावर हल्ला होऊन ती गेली. नंतर तिचे तुकडे काढून इटलीत वाटले गेले. त्यातला एक पोंतेक्कियोला आहे, ज्या वाड्याच्या माळ्यावर सगळं सुरू झालं त्याच्या आवारात, मार्कोनीच्या समाधीजवळ.