गुत्तीकर मुरारराव घोरपडे

मरणानंतर आपल्याच माणसांत विसावा मिळावा, ही इच्छा फार जुनी आहे. अब्राहामाने सारेसाठी मकपेलाचे शेत विकत घेतले व पुढे त्याच्या कुळाला तेथे एकत्र विसावा लाभला. तलवारीवर जगणाऱ्यांच्या वाट्यास असे शेत क्वचितच येते. मुरारराव घोरपडे यांचे चरित्र हेच सांगते.

सेनापती संताजी घोरपडे यांच्या कुळातील हे वीर. १७४१ मध्ये रघूजी भोसले यांनी त्रिचनापल्ली जिंकून ती मुराररावांच्या हाती सोपविली. दोन वर्षांनी निजामापुढे त्यांना ती सोडावी लागली. पुढे गुत्तीच्या डोंगरी किल्ल्यावरून त्यांनी आपला मुलूख राखला. दक्षिणेतील प्रत्येक सत्तेला त्यांचे घोडदळ हवे असे. ते मात्र कायमचे कोणाचेच झाले नाहीत.

१७६८ मध्ये ते बंगळूरच्या पूर्वेस असलेल्या होसकोटे येथे इंग्रजांना येऊन मिळाले. त्यांची छावणी इंग्रजांपासून थोडी वेगळी होती. हे हेरून हैदरअलीने २२ ऑगस्टच्या रात्री तिच्यावर छापा घातला. काळोखात आपला कोण व परका कोण, हे कळेना. तेव्हा मुराररावांनी हुकूम दिला, की कोणीही घोड्यावर बसू नये. प्रत्येकाने आपल्या घोड्यापाशीच राहावे आणि जो स्वार दिसेल तो शत्रू समजावा. त्या हुकुमाने गोंधळ निवळला. त्यांचा एक हत्ती जखमी होऊन सुटला व सोंडेत साखळी धरून शत्रूच्या स्वारांवर फिरवू लागला. हैदरअलीस माघार घ्यावी लागली.

पुढे पारडे फिरले. हैदरअलीने गुत्तीस वेढा घातला व गडावरील पाणी आटत आले. तहाची बोलणी होऊन एक तरुण ओलीस म्हणून शत्रूच्या गोटात गेला. तेथे त्याचा उत्तम पाहुणचार झाला आणि त्या भरात, गडावर तीनच दिवसांचे पाणी उरले आहे, हे तो बोलून गेला, असे सांगतात. तह फिसकटला. १७७६ मध्ये गुत्ती पडली आणि मुरारराव कब्बाळदुर्गाच्या कैदेत वारले. जिंकलेले रणांगण दूर राहिले, आणि गुत्तीही.

वाचकहो, नेमक्या वेळी उच्चारलेल्या एका शब्दाने होसकोट्यास सारी छावणी वाचली. अनवधानाने निसटलेल्या एका शब्दाने गुत्तीचा गड गेला. आपल्याही ओठांवर रोज दोन्ही प्रकारचे शब्द येतात.