राजाचं रान आता आपलं रान : दाजीपूरचं जंगल आणि शाहू महाराज

राधानगरी : 6 मे हा राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन. 50 टक्के आरक्षण देणारे महाराज सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांनी नोकऱ्या राखल्या तसं त्यांच्या काळात एक रानही राखलं गेलं. ते म्हणजे आपलं दाजीपूरचं जंगल.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले आणि 1894 मध्ये कारभार हातात घेतला. दोनच वर्षांत दुष्काळ पडला, मागोमाग प्लेग आला. पाण्यावाचून शेतकऱ्याचं काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून भोगावतीवर दगडी धरण बांधायला घेतलं. गाव वसवलं, त्याला लेकीचं नाव दिलं, राधानगरी. तलावाला राणीसाहेबांचं नाव दिलं, लक्ष्मी तलाव. पहिल्या महायुद्धाच्या काळात काम थांबलं. 6 मे 1922 ला मुंबईत महाराज गेले. वय अवघं 47. भरलेलं धरण काही त्यांना बघायला मिळालं नाही. ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर.

धरणाच्या वरच्या अंगाला दाजीपूरचं रान. ते संस्थानची राखीव शिकारीची जागा होती. खरं सांगायचं तर महाराज स्वतः पट्टीचे शिकारी. रान राखलं ते शिकारीसाठी, आणि त्यावर हक्क राजाचा, रयतेचा नव्हे. हे झाकून ठेवायचं कारण नाही. पण त्या राखणीमुळंच कुऱ्हाड लांब राहिली आणि गवा टिकला, हेही तितकंच खरं.

1949 मध्ये संस्थान विलीन झालं आणि रान सरकारचं, म्हणजे आपलं झालं. 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं हे सगळ्यात जुनं अभयारण्य. 1985 मध्ये हद्द वाढून ते 351 चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर त्याचंही नाव लागलं.

आता राजा नाही. मग राखायचं कुणी? वनखात्याची माणसं आहेत, पण एवढ्या डोंगराला ती किती पुरणार? उन्हाळ्यात कुणीतरी गवत चांगलं फुटतं म्हणून काडी लावतो आणि वणवा डोंगरभर पळतो. झाडं जळाली की पहिल्या पावसात माती सुटते आणि थेट तलावात येते. गाळ साचला की पाणी कमी. म्हणजे वरचं रान गेलं तर खालचा ऊसही धोक्यात. पर्यटक येतात, बाटल्या नि पिशव्या टाकून जातात. त्या गव्याच्या पोटात जातात.

गवा रात्रीत उभं पीक तुडवून जातो, तेव्हा शेतकऱ्याचा जीव जळतो. त्याचा राग खोटा नाही. त्यासाठी लगेच पंचनामा व्हावा आणि भरपाई वेळेवर मिळावी, हे मागायचा आपला हक्क आहे. पण रानात चारा-पाणी राहिलं तरच गवा रानात राहील.

महाराजांच्या पुतळ्याला हार जरूर घालूया. त्याच दिवशी गावच्या पोरांनी जाळरेषा साफ केली आणि रस्त्याकडेचं प्लॅस्टिक उचललं, तर राजाचं रान खऱ्या अर्थानं रयतेचं होईल.