एक नांगर विकायला दोन वर्षं!

पावसाळी ट्रिप म्हणून अलिबाग-रेवदंडा-मुरूड रस्त्याला तुमच्यापैकी निम्मे जण तरी जाऊन आले असतील. पुढच्या वेळी गेलात की समुद्राकडची मान जरा उलट्या बाजूला वळवा. भाताची छोटी छोटी खाचरं दिसतील, मध्ये गुडघाभर बांध, आणि चिखलात केजव्हील लावलेला एखादा पॉवर टिलर किंवा मिनी ट्रॅक्टर. मोठा ट्रॅक्टर इथे वळायलाच जागा नाही. पलीकडे कुणाच्या तरी प्लॉटवर पिवळा जेसीबी माती उकरत असेल. (हो, तोच, ज्याच्यावर 2019 मध्ये मीम्सचा पूर आला होता.)

या यंत्रांच्या मालकांशी बोलायला घ्या. हॉर्सपॉवर, मायलेज वगैरे ब्रोशरमधल्या गोष्टी ते फार सांगत नाहीत. त्यांचे प्रश्न वेगळेच. चिखलात रुततो का? बांधावरून चढवता येतो का? पार्ट अलिबागला मिळतो की थेट पनवेल गाठावं लागतं? खाऱ्या हवेत पत्रा किती पावसाळे टिकतो? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे लावणीच्या आठवड्यात बंद पडला तर मेकॅनिक येणार कधी? आवण तयार असलं की लावणीला थांबता येत नाही.

मालकाच्या या असल्या प्रश्नांवर ज्या माणसाने अख्खा कारखाना उभा केला, त्याचं नाव तुम्ही शंभरदा वाचलंय. विहिरीवरच्या पंपावर, इंजिनावर, रेल्वे स्टेशनच्या पाटीवरसुद्धा. लक्ष्मणराव किर्लोस्कर. पण नाव ओळखीचं म्हणून माणूस ओळखीचा असतो असं नाही. उद्योगपती म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे चित्र येतं, त्यात हे गृहस्थ अजिबात बसत नाहीत.

जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. घरात वेदान्ताचा अभ्यास, आणि याचं लक्ष मात्र पुस्तकात सोडून बाकी सगळीकडे. हात सतत काहीतरी काढण्यात, जोडण्यात नाहीतर मोडून पाहण्यात. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. त्यासाठी थोरल्या भावाने, रामुअण्णांनी, पाठीशी उभं राहून मदत केली. दोनेक वर्षं बरी गेली आणि मग कळलं की डोळ्यांना रंगांतला फरक नीट कळत नाही. रंगांधळेपणा. आता कल्पना करा, तुमचं स्पेशलायझेशन ठरलंय, घरच्यांनी पैसे लावलेत आणि शरीरच नाही म्हणतंय.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची ड्रॉइंग शिकले. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी लागली. आजचं व्हीजेटीआय ते हेच, तेव्हा भायखळ्यात होतं. तिथे वर्कशॉपमध्ये हात काळे करत ते यंत्रं शिकले. एकीकडे सायकली! मुंबईत सायकल घेऊन बेळगावला रामुअण्णांकडे पाठवायची आणि त्यांनी ती तिथे विकायची. 1888 साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ सुरू झालं ते या सायकलींवर. आजच्या भाषेत साइड हसल म्हणा हवं तर. पुढे नोकरीत हक्काची बढती आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

तिथे त्यांनी पहिल्यांदा कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग लोखंडी नांगर. इथून खरी गोष्ट सुरू होते, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

तेव्हा आपल्याकडे नांगर म्हणजे लाकडाचा. गावचा सुतार करणार, लोखंडाचा भाग असला तर टोकाला लावलेल्या फाळापुरता, तो लोहार शेवटून देणार. बिघडला तर दुपारपर्यंत दुरुस्त. विलायती लोखंडी नांगर इंग्लंडहून येत, पण ते मोजक्या लोकांच्या आवाक्यातले. लक्ष्मणरावांनी तसा नांगर इथेच ओतून काढला. काळ्या जमिनीत खोल जाणारा, माती उलटी पाडणारा, हरळीच्या मुळ्या वर काढणारा. आणि शेतकऱ्यांनी काय केलं? हात लावला नाही. लोखंडाने जमिनीत विष पसरतं, ती नापीक होते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथे हसतात. बघा, किती अडाणी लोक! मला ते पटत नाही. त्या शेतकऱ्याच्या जागी बसून बघा. पीक वर्षातून एकदा. नांगर महाग, ओढायला बैल जास्त लागणार, मोडला तर गावचा लोहार ओतीव लोखंडाला काही करू शकत नाही, आणि विकणारा कोण, तर कालपर्यंत सायकली विकणारा माणूस. एक हंगाम गेला तर सावकाराच्या दारात उभं राहावं लागणार. विषाची समजूत चुकीची होती, पण तिच्यामागची भीती चुकीची नव्हती. रायगडच्या किनाऱ्यावर आज मिनी ट्रॅक्टर घेणारा माणूस मेकॅनिक कधी येईल म्हणून विचारतो, तो काही वेगळं विचारत नाही. तसं बघितलं तर इथे उलटा मामला आहे. लोखंड जमिनीला खात नाही, खारी हवा लोखंडाला खाते.

लक्ष्मणरावांचं मोठेपण मला वाटतं ते यानंतरचं. नांगर हळूहळू शेतात गेले आणि तक्रारी परत आल्या. नांगर चांगला आहे, पण फाळ लवकर झिजतो, विलायती टिकतो तेवढा टिकत नाही. दुसरा एखादा म्हणाला असता की वापरायची पद्धत चुकतेय. लक्ष्मणराव ओतशाळेत परत गेले. ओतीव लोखंड साच्यात झटकन थंड झालं की त्याचा वरचा थर कडक होतो, पण ते नेमकं जमवणं म्हणजे कसबाचं काम. फाळ कडक झाला आणि नांगर खपू लागला.

तेवढ्यात बेळगावची जागा सोडायची वेळ आली. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती हवी होती. चाळिशीतला माणूस, यंत्रं आहेत, कामगार आहेत आणि जागा नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आधी यमाईच्या देवळातल्या सभामंडपाचं काम दिलं, मग 10,000 रुपयांचं कर्ज आणि आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन. ऐकायला छान. प्रत्यक्षात निवडुंग, माळ आणि नाग. 1910 मध्ये मूठभर कुटुंबं तिथे राहायला गेली आणि आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. रामुअण्णा वसाहतीचं बघत. आणखी एक, वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम होता. शंभर वर्षांपूर्वीच्या एका कारखान्याच्या वसाहतीत! तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना तिथे राखणदार म्हणून नेमलं होतं, हे वाचून मी दोनदा खात्री केली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. भट्टीत दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा चालवून पाहिला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या असं सांगतात. तोफांचे नांगर झाले, ही कल्पना भारी आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात तोफा बघाल तेव्हा आठवा.

नांगरानंतर चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, हातपंप असं बरंच काही आलं. 1920 मध्ये लिमिटेड कंपनी झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू झालं. मासमीडियावाल्यांनो, लक्ष द्या. कारखान्याच्या बातम्या देणारं हे पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली वाढत वाढत मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं. कंटेंट मार्केटिंग हा शब्द जन्माला यायच्या आधी.

1926 च्या सुमारास वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. रायगडच्या किनाऱ्याशी लक्ष्मणरावांचा खरा संबंध इथे जुळतो, नांगरात नाही. त्यांचा जड नांगर पठारावरच्या काळ्या जमिनीसाठी. भाताच्या खाचरात खालचा घट्ट थर फोडला तर पाणीच राहणार नाही, तिथे हलकं अवजार हवं. पण नारळी-पोफळीच्या वाड्यांना पाणी लागतं ते पावसाळा सरल्यावर, रोज. चौल-रेवदंडा-अलिबागच्या वाड्यांमध्ये ते रहाटाने काढायचे, बैल गोल फिरवत. पंप आणि इंजिन आलं आणि रहाट थांबले. काही विहिरींवर त्यांचे अवशेष अजून दिसतील.

त्याच सालात, म्हणजे 1926 मध्ये, तिकडे हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने ट्रॅक्टरला अवजार तीन ठिकाणी जोडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. रायगडच्या मिनी ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर लटकतो तो त्याच पद्धतीने. हलका ट्रॅक्टरसुद्धा जमीन धरून चालतो तो त्यामुळे. आणि जेसीबी? तो जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं. आपण कुठल्याही कंपनीचा बॅकहो लोडर दिसला की जेसीबीच म्हणतो.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, पोस्टाने त्यांच्यावर तिकीट काढलं. तोवर मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन परत येऊन उद्योग कुठल्या कुठे घेऊन गेला होता.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी यंदा मिनी ट्रॅक्टर किंवा टिलर घ्यायचं चाललं असेल. महाडीबीटीवर अनुदानाचा फॉर्म भरायचं काम अर्थात तुमच्याच गळ्यात पडणार, मोबाइल तुम्हालाच कळतो ना! फॉर्म भरण्याआधी एक करा. ज्यांच्याकडे तेच मॉडेल दोन-तीन पावसाळे चाललंय, त्यांच्या बांधावर जाऊन बसा, आणि फाळ, केजव्हील, पत्रा, पार्ट असं एकेक विचारा. लावणीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, तेव्हा कुणाला बोलायला वेळ नसतो.