विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर: साध्या फियाटला रेसर बनवणारा कार्लो अबार्थ

१९६० च्या दशकातली इटली. रस्त्यावर जिकडे पाहावं तिकडे फियाट ५०० ही इवलीशी गाडी. लांबी तीन मीटरपेक्षाही कमी, मागच्या बाजूला दोन सिलिंडरचं इंजिन, ताकद जेमतेम १८ हॉर्सपॉवर. ताशी ९५ किलोमीटरच्या पुढे तिचा काटा सरकत नसे. मास्तर, कारकून, दुकानदार यांची ही गाडी. शर्यतीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

पण ट्यूरिन शहरातल्या एका कंपनीकडून लाकडी खोका मागवला, की चित्र बदलायचं. खोक्यात नवे पिस्टन, कार्ब्युरेटर, सायलेन्सर असं सामान आणि सोबत विंचवाचं चित्र असलेला बिल्ला. मेकॅनिकने हे सगळं नीट बसवलं, की तीच गाडी ताशी १२० किलोमीटरने पळू लागायची!

हा विंचू होता कार्लो अबार्थ या माणसाचा. आज गाडी 'मॉडिफाय' करणं ही जगभरातली मोठी बाजारपेठ आहे. कंपनीतून निघालेली साधी गाडी घ्यायची, तिच्यासाठी तयार किट विकायचं आणि शर्यती जिंकून त्या किटची जाहिरात करायची, हा धंदा ज्या मोजक्या लोकांनी उभा केला त्यांत अबार्थचं नाव फार वरचं आहे.

व्हिएन्नाचा कार्ल

त्याचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ चा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातला. मूळ नाव कार्ल. रास वृश्चिक, आणि पुढे कंपनीच्या बिल्ल्यावर जो विंचू आला तो याच राशीमुळे.

पोरवयातच तो गॅरेजमध्ये रमला. मोटारसायकली उघडायच्या, जोडायच्या आणि मग त्याच पळवायच्या, हा त्याचा उद्योग. १९२८ मध्ये त्याने शर्यत जिंकली आणि पुढच्याच वर्षी स्वतःच्या नावाची मोटारसायकल तयार केली. तेव्हा तो विशीत होता.

१९३० साली ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे त्याला मोठा अपघात झाला. दुसरा एखादा घरी बसला असता. हा साइडकारकडे वळला, म्हणजे बाजूला डबा जोडलेल्या तीनचाकी मोटारसायकलकडे. साइडकारची रचनाही त्याने स्वतःच केली.

ही साइडकार किती दमदार आहे ते लोकांना कसं पटवायचं? १९३४ मध्ये त्याने थेट ओरिएंट एक्सप्रेसशीच शर्यत लावली. ही त्या काळची युरोपातली सगळ्यात नावाजलेली आगगाडी. व्हिएन्ना ते बेल्जियममधलं ऑस्टेंड हे अंतर तेराशे किलोमीटरहून जास्त. जाताना तो थोडक्यात हरला. परत येताना मात्र आगगाडीच्या आधी व्हिएन्नात हजर झाला! वर्तमानपत्रांत त्याचं नाव झळकलं. यंत्र चांगलं असून भागत नाही, ते लोकांच्या डोळ्यांसमोर जिंकलं पाहिजे, हा धडा तो इथेच शिकला. पुढचं सगळं आयुष्य त्याने याच धड्यावर काढलं.

दुसरा अपघात, दुसरा देश

१९३० चं दशक संपता संपता युगोस्लाव्हियात त्याला पुन्हा भीषण अपघात झाला. बरेच महिने तो अंथरुणाला खिळून होता. मोटारसायकल शर्यतींचं पर्व तिथेच संपलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि युद्धाची वर्षं त्याने लुब्लियाना शहरात एका कारखान्यात काम करत काढली.

युद्ध संपलं तेव्हा त्याच्याकडे ना शर्यत होती, ना स्वतःचा धंदा. वय सदतिशीच्या घरात. तो उत्तर इटलीतल्या मेरानो या गावी आला. त्याच्या वडिलांकडचं घराणं मूळचं तिथलं. इटलीचं नागरिकत्व मिळालं आणि कार्लचा कार्लो झाला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते या माणसाला अक्षरशः लागू होतं.

इथे एक जुनी ओळख कामी आली. त्याची पहिली बायको व्हिएन्नाचे वकील अंतोन पीएख यांच्या कार्यालयात सेक्रेटरी होती. हे पीएख म्हणजे फर्डिनांड पोर्श यांचे जावई. या ओळखीतून अबार्थ पोर्शच्या मंडळींशी जोडला गेला आणि पुढे चिसितालिया या इटालियन कंपनीत आला. पिएरो दुसियो या उद्योगपतीची ही कंपनी. तिच्यासाठी पोर्शच्या कार्यालयाने बारा सिलिंडरची, चारही चाकांना ताकद देणारी एक अफाट ग्रां प्री गाडी आखली होती. अबार्थकडे शर्यत विभागाची जबाबदारी आली.

ती गाडी दुसियोच्या खिशाला परवडली नाही. पैसा संपला, कंपनी कोलमडली आणि ती ग्रां प्री गाडी एकाही ग्रां प्रीत उतरली नाही. अबार्थला येणं होतं, त्याबदल्यात त्याच्या हाती काही रेसिंग गाड्या आणि सुटे भाग आले. चाळिशी गाठलेल्या माणसाचं भांडवल एवढंच.

सायलेन्सरवर उभी राहिलेली कंपनी

३१ मार्च १९४९ रोजी बोलोन्या शहरात अबार्थ अँड कंपनीची नोंदणी झाली. पैसा घातला अरमांदो स्काल्यारीनी यांनी. त्यांचा मुलगा ग्वीदो हा शर्यतीतला चालक होता. लवकरच कारभार ट्यूरिनला हलला. ट्यूरिन म्हणजे फियाटचं माहेरघर.

१० एप्रिल १९५० रोजी सिसिलीतल्या मोंते पेलेग्रिनोच्या घाटातल्या शर्यतीत ताझियो नुवोलारी हा इटलीचा लाडका चालक अबार्थची गाडी घेऊन उतरला आणि आपल्या गटात पहिला आला. नुवोलारीची ही शेवटची शर्यत ठरली. नव्या कंपनीला याहून मोठी जाहिरात मिळाली नसती.

पण शर्यतीने नाव होतं, पोट भरत नाही. पोटापाण्यासाठी अबार्थने सायलेन्सर विकायला घेतले. कारण साधं होतं. इंजिन म्हणजे एक पंप. हवा आणि पेट्रोल आत घ्यायचं, जाळायचं आणि धूर बाहेर टाकायचा. धूर बाहेर पडताना अडला, तर पुढच्या घोटाला नवी हवा कमी येते आणि ताकद वाया जाते. साध्या सायलेन्सरमध्ये आवाज दाबण्यासाठी धुराला वळणावळणाने फिरवतात. अबार्थच्या सायलेन्सरमध्ये छिद्रं असलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती आवाज शोषणारं भरण असे. धूर सरळ बाहेर जाई, आवाज बऱ्यापैकी आत मुरे. जो उरे तो भारदस्त घुमे.

इटलीत तेव्हा नवी स्पोर्ट्स कार घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. पण आपल्याच गाडीला अबार्थचा सायलेन्सर बसवणं जमण्यासारखं होतं. गिऱ्हाइकाला थोड्या पैशात थोडी शर्यत मिळत होती. अबार्थने नेमकी हीच नस पकडली.

साध्या गाडीची ताकद वाढते कशी?

१९५५ मध्ये फियाट ६०० आली. इंजिन ६३३ सीसीचं. अबार्थने ते ७४७ सीसीचं केलं आणि ताकद जवळजवळ दुप्पट झाली. १९६३ मध्ये फियाट ५०० वर आधारलेली ५९५ आली, त्यानंतर ६९५.

५९५ मध्ये काय बदललं ते पाहिलं, की ट्यूनिंगचं सगळं शास्त्र कळतं. मूळ इंजिन ४९९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६७.४ मिलिमीटरवरून ७३.५ केला. म्हणजे वाढ फक्त सहा मिलिमीटरची, पण इंजिन पोचलं ५९४ सीसीच्या आसपास. आता प्रत्येक घोटात जास्त हवा आली, तर पेट्रोलही जास्त हवं, म्हणून मोठा कार्ब्युरेटर. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण जास्त दाबून पेटवलं तर जोर जास्त मिळतो, म्हणून वाढवलेलं कॉम्प्रेशन. झडपा जास्त वेळ उघड्या राहाव्यात म्हणून वेगळा कॅमशाफ्ट. आणि धूर सुटायला अबार्थचा सायलेन्सर. १८ हॉर्सपॉवरचे २७ झाले. ६९५ ची एसएस आवृत्ती तर ३८ हॉर्सपॉवर आणि ताशी १४० किलोमीटरपर्यंत गेली.

यातली एकच गोष्ट बदलली असती तर फारसं काही हाती लागलं नसतं. नुसता सायलेन्सर बदलला तर आवाज वाढतो, वेग किंचितच. नुसतं कॉम्प्रेशन वाढवलं तर इंजिन तापतं आणि ठोके मारू लागतं. म्हणून अबार्थ सुटा भागही विके, पण खरा भर ठेवी तो एकमेकांना जुळणाऱ्या भागांच्या पूर्ण किटवर. वेग वाढला की थांबण्याचीही सोय हवी. फियाट ६०० वरून बनवलेल्या अबार्थ ८५० टीसीला त्याने पुढे डिस्क ब्रेक दिले. शर्यतीतल्या गाड्यांचं मागचं झाकण तर उघडंच ठेवलेलं दिसे. इंजिनला हवा लागावी म्हणून केलेली ही सोय पुढे हौशी लोकांची फॅशन झाली. इंजिन थंड असो वा गरम, झाकण उघडं!

सात दिवस, सात रात्री

१९५७ मध्ये बाजारात आलेली फियाट ५०० सुरुवातीला फारशी खपत नव्हती. लोकांना ती अशक्त वाटे. अबार्थने फेब्रुवारी १९५८ मध्ये, ऐन थंडीत, तयार केलेली ५०० मोंझाच्या ट्रॅकवर उतरवली. आळीपाळीने चालक बसत होते आणि गाडी धावत होती. पूर्ण १६८ तास. म्हणजे सात दिवस आणि सात रात्री. अंतर १८,१८६ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी १०८ किलोमीटर!

जिला लोक खेळणं म्हणत होते ती गाडी आठवडाभर न थकता पळाली. फियाटच्या वरिष्ठांच्या डोळ्यांत हे भरलं. फियाट-अबार्थ नावाने मिळवलेल्या विजयांसाठी आणि विक्रमांसाठी फियाटने अबार्थला पैसे देण्याचा करार केला. आता जिंकणं हेच उत्पन्न झालं. अबार्थचे चालक आठवड्यामागून आठवडे घाटांत, ट्रॅकवर, लहान-मोठ्या शर्यतींत उतरत राहिले.

विक्रमांचा त्याला सोसच होता. ऑक्टोबर १९६५ मध्ये शंभरावा विक्रम समोर आला, तेव्हा त्याने ठरवलं की गाडीत आपणच बसायचं. वय ५६. अडचण एकच, एका माणसापुरत्या त्या अरुंद गाडीत हा धिप्पाड माणूस मावेना. मग गाडी बदलायची सोडून त्याने स्वतःलाच बदललं. मुख्यतः सफरचंदं खाऊन त्याने ३० किलो वजन उतरवलं, मोंझाच्या ट्रॅकवर गाडीत बसला आणि विक्रम करूनच उतरला.

विंचू विकला गेला

ज्या करारामुळे कंपनी वाढली, तोच तिच्या गळ्यातला दोरही होता. गाड्यांचा सांगाडा फियाटचा, जिंकल्यावर पैसा फियाटचा, गिऱ्हाईकही फियाटचंच. त्यात शर्यतीच्या गाड्या दिवसेंदिवस महाग होत गेल्या. अबार्थने स्वतःच्या मोठ्या रेसिंग गाड्याही बनवल्या, पण त्यांचा खर्च छोट्या कंपनीला पेलणारा नव्हता.

१९७१ मध्ये त्याने कंपनी फियाटला विकली. शर्यतीचा संघ ओसेल्लाकडे गेला. फियाटने अबार्थचं नाव आणि तिथले इंजिनिअर आपल्या रॅली विभागासाठी वापरले, आणि फियाट १३१ अबार्थने १९७७, १९७८ आणि १९८० साली कंपन्यांचं जागतिक रॅली विजेतेपद मिळवलं. विजय अबार्थच्या नावाचे होते, पण निर्णय त्याचे राहिले नव्हते.

कार्लो अबार्थ आपलं बिऱ्हाड घेऊन पुन्हा व्हिएन्नाला परतला. तिथेच २४ ऑक्टोबर १९७९ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी तो गेला. जन्माप्रमाणे मृत्यूही वृश्चिक राशीतच आला.

रांजणगावचा विंचू

२००७ मध्ये फियाटने अबार्थ हे नाव स्वतंत्र ब्रँड म्हणून पुन्हा आणलं. नव्या ५०० साठीचं जादा ताकदीचं किट चक्क लाकडी खोक्यातून दिलं गेलं, जुन्या आठवणीला जागून. आणि २०१५ मध्ये हा विंचू महाराष्ट्रातही पोचला. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेली १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंतो भारतात विक्रीला आली. दिसायला घरगुती हॅचबॅक, पळायला भन्नाट. ती फार वर्षं टिकली नाही, पण हौशी लोक आजही ती जिवापाड जपतात.

आपल्याकडे गाडीत मनाला येईल तसे बदल करायला कायद्याची परवानगी नाही, आणि कर्कश सायलेन्सर पोलिसांच्या रोडरोलरखाली गेल्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिले आहेत. अबार्थच्या खोक्यात सायलेन्सर होताच, पण तो एकटा कधीच नव्हता. त्याच्यासोबत पिस्टन होते, कार्ब्युरेटर होता आणि ते सगळं एकमेकांशी जुळवणारा एक हट्टी माणूस होता. १८ चे २७ त्या जुळवणीने झाले. आवाज हा त्या कामाचा वरकड नफा होता.