सोलापूरचे कविराय रामजोशी

स्मरणिकेसाठी लेख मागावयास आम्ही सभासदांच्या घरी जातो, तेव्हा पुष्कळदा एकच उत्तर मिळते. आम्हांला कोठले लिहिता येते, असे म्हणून मंडळी संकोचाने हसतात. पुढे चहापान होता होता कळते की, घरातील सूनबाईंची किंवा धाकट्या चिरंजीवांची कवितांची एक वही ट्रंकेच्या तळाशी आहे. अशा संकोची लेखकांसाठी यंदा आपल्याच गावच्या एका थोर पुरुषाचे चरित्र सादर करीत आहोत.

रामजोशी यांचा जन्म इ. स. १७६२ च्या सुमारास सोलापुरात झाला. घराणे जोशीपणाची वृत्ती चालविणारे व विद्येचा मान राखणारे होते. थोरले बंधू मुद्गल हे पुराण सांगत व कीर्तन करीत. अशा घरातील धाकट्या मुलास डफतुणतुण्याचा नाद लागावा, हे वडीलधाऱ्यांस रुचणे शक्य नव्हते. राम मात्र धोंडी शाहिराच्या तमाशात रमू लागला. परंपरागत हकीकत अशी की, अखेर बंधूंनी रागावून त्यास घराबाहेर काढले.

राम पंढरपुरास गेला. तेथे बाबा पाध्ये, म्हणजे ‘धर्मसिंधु’ या ग्रंथाचे कर्ते काशीनाथ उपाध्याय, यांच्याकडे त्याने संस्कृताचे अध्ययन केले असे सांगतात. विद्या मिळाली, परंतु तेवढ्याने अडचण सरली नसावी, उलट वाढली असावी, असे आम्हांस वाटते. न शिकलेला मुलगा बेधडक कवने रचतो. महाकवींची काव्ये वाचलेल्या पुरुषास मात्र आपली ओळ थिटी दिसू लागते. त्यातून लावणी म्हणजे शिष्टांनी नाक मुरडावे अशी वस्तू. शास्त्रीबुवा होऊन मानाने जगण्याची वाट मोकळी असताना रामजोशींनी पुन्हा लावणी हाती घेतली, यात त्यांचे खरे धैर्य आहे.

त्यांनी शास्त्र टाकले नाही आणि डफही टाकला नाही. संस्कृताचा शब्दसंभार व यमकप्रासांचा डौल त्यांनी लावणीत आणला. संस्कृतातही लावण्या रचल्या. सोलापूर ही मराठी व कानडी या दोन्ही भाषांची पेठ. त्यांच्या रचनेत या भाषा एकत्र नांदल्या. ज्या दोन गोष्टी एकमेकींस मारक वाटत होत्या, त्यांच्याच संगमातून ‘कविराय’ ही मुद्रा धारण करणारा कवी उभा राहिला.

बारामतीचे मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी त्यांच्या प्रतिभेची कदर केली. त्यांच्या प्रभावाने रामजोशी पुढे कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या त्यांनी लोकांच्या कानी पोहोचविल्या. ज्या कीर्तनाच्या पाटावर बंधू उभे राहत, तेथेच ते स्वतःच्या वाटेने जाऊन पोहोचले. इ. स. १८१२ मध्ये पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावर, १९४७ साली, त्यांच्या जीवनावर ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट निघाला आणि घरोघरी त्यांचे नाव पुन्हा दुमदुमले.

मुद्गलांस आम्ही दोष देत नाही. घराची अब्रू राखावी, धाकट्याने वाया जाऊ नये, हीच त्यांची कळकळ असणार. परंतु आज रामजोशींचे नाव आपण ज्ञातीचे भूषण म्हणून घेतो, तेव्हा त्यांच्यापुढे दार लावून घेणारे घरही आपल्याच घरांसारखे होते, हे विसरू नये. बाहेरच्या लोकांच्या टीकेपेक्षा घरच्यांचे हसणेच होतकरू लेखकास अधिक लागते. आणि पुढे तोच हसण्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या मनातून येऊ लागतो.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, ट्रंकेतील ती वही एकदा प्रेमाने वाचावयास मागावी. आणि वहीच्या धन्यास किंवा धनिणीस एवढेच सांगणे की, योग्यता आल्यावर लिहू असे म्हणून थांबू नये. लिहिता लिहिताच योग्यता येते. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा एखाद्या वहीतील पान छापण्याचे भाग्य आम्हांस लाभो.